आई वगळून केलेला प्रयोग

रविवार, सकाळ

ती. आईंना,
सुनेचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे अगदी मजेत आहोत. वन्संचा फोन आला होता. तुमच्यासाठी मागची खोली रिकामी केली, नवे पडदे लावले, "आई आता कायमची इथेच राहणार म्हणते," असं सांगत होत्या. छानच झालं. पडद्यांचा रंग कोणता, हे तुमच्या चिरंजीवांना जाणून घ्यायचं आहे. मला नाही.

तुमच्या जाण्याचं खापर माझ्या लॅबमधल्या विषाणूवर फोडलेलं मात्र मला मान्य नाही. त्या दिवशी जेवताना मी एवढंच सांगत होते, की आमच्या विषाणूची माहिती उलट्या बाजूने लिहिलेली असते. पेशीला ती वाचता येत नाही, म्हणून नकला काढायचं यंत्र तो स्वतःच घेऊन येतो. त्या यंत्राशेजारी एक एवढंसं प्रथिन नुसतं लुडबुडत असतं. ते नेमकं काय करतं हे कळायला ते काढून टाकायचं आणि बघायचं. यावर तुम्ही हात धुतलेत, "मग मलाही काढून बघा," म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरलीत. लॅबमध्ये इतक्या झटपट कोणी प्रयोग सुरू करत नाही.

तर निकाल कळवते.

प्रथिन काढल्यावर यंत्र सुसाट सुटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. घरीही तेच. "आधी हे संपवा, मग ते घ्या," म्हणणारं कोणी नाही, त्यामुळे कामांचा नुसता धडाका. चिरंजीवांनी एकाच सकाळी भिंत रंगवायला काढली, कपाट सुटं केलं आणि बाथरूमचा नळही उघडून ठेवला. नातीचा गृहपाठ बूट घालता घालता व्हायला लागला. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी मनात म्हटलं. मनातलं लिहिलंय, रागावू नका.

मग लॅबमध्ये नकला तपासल्या. कित्येक अर्धवट. यंत्र मध्येच माघारी वळून आपणच लिहिलेलं पुन्हा गिरवत बसलं होतं. असल्या नकला दिसताच पेशीची धोक्याची घंटा वाजली आणि विषाणूच गोत्यात आला. ते लुडबुडणारं प्रथिनच यंत्राला ताळ्यावर ठेवत होतं.

आपली भिंत खिडकीपर्यंत पिवळी आहे. कपाटाचं दार पलंगाखाली आहे. नातीच्या बाईंनी मला शाळेत बोलावलंय. भाजीत मीठ यांनीही घातलं आणि मीही. त्यावरून जुंपलेलं भांडण "आधी जेवून घ्या," म्हणून कोणी तोडलं नाही, त्यामुळे ते मागे मागे जात आमच्या लग्नातल्या फोटोंपर्यंत पोहोचलं. तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे वकील, डोक्यावर टॉवेल. "वहिनी, तुमचं भांडण चालू द्या, पण नळ बंद करा. आमच्या छतातून धार लागलीय."

काल नात म्हणाली, "आजी आपल्याला नको होती का?" मी म्हटलं, "वेडी आहेस का?" आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ दुरुस्त झालाय, पाण्याचा आवाज नाही, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू गेलं. यांनी दारातूनच विचारलं, "मिठावरून अजून?"

आई, आमच्याकडे नुसतं काढून भागत नाही. काढलेलं प्रथिन परत घालायचं आणि सगळं पूर्ववत होतंय का ते पाहायचं, तेव्हा कुठे लोक मानतात. तोवर प्रयोग अर्धा.

खरं सांगू? मला काहीही सिद्ध करायचं नाही. तुम्ही नसलात की मला घरी यावंसं वाटत नाही. येत्या शनिवारी मी तुम्हाला न्यायला येतेय. विचारत नाही, कळवतेय. वन्संना सांगा, भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा, मला आता चांगला सराव आहे.

तुमच्याशिवाय परत न फिरणारी,
तुमची सून