मधोमध, बाबा!

४ फेब्रुवारी

जाणार म्हणे! एप्रिल संपला की बाबा वृद्धाश्रमात राहायला जाणार. जेवताना सांगितलं, मीठ मागावं इतक्या सहज. नणंदेच्या गावाजवळ आहे तो आश्रम. "व्यवस्थापकाशी फोनवर बोललोय. खोली ठरली आहे. तुम्ही दोघं कामावर जाता, मी इथे दिवसभर कपाटासारखा उभा."

नवऱ्याने ताटातून मान वर न करता विचारलं, "नक्की ना बाबा?"

"नक्की."

संपलं! या घरात सासऱ्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. आणि मी काय बोलावं? — "अजून वाढू का?"

५ फेब्रुवारी

नणंदेला फोन केला. "बाबांच्या मनात आहे तर आपण कोण अडवणार? मला म्हणाले, तू मध्ये पडू नकोस, सगळं मी ठरवलंय." अगदी नवऱ्याचीच बहीण शोभते.

८ फेब्रुवारी

काचबिंदूने बाबांची नजर गेली त्याला तीन वर्षं झाली. नोकरीत असताना दुकानांतली वजनं-मापं तपासायचे. ते गल्लीत शिरले की दुकानदार आधी तराजू पुसायचे, मग घाम! आता खुर्ची आणि रेडिओ.

मला ते नकोत का? तसं मुळीच नाही! लग्न करून आले तेव्हा या घरात माझ्याशी गप्पा मारणारं माणूस एकच होतं — तेच. नवरा मुळात मौनी. दातांच्या दवाखान्यातून मी घरी आले की बाबा दारातच विचारतात, "आज किती दात पडले, सूनबाई?" हे विचारायला कोणी नसेल तर संध्याकाळी घरी यायचं तरी कशाला? पण सांगायचं कसं? त्यांनाच आमच्याकडे कंटाळा आला असेल आणि मी गळ घातली तर भिडेखातर राहतील, आणि मनातून कुढतील. राहू दे.

१३ फेब्रुवारी

आज खुर्चीवर एक अजब पेशंट. नेमबाजी क्लबचे प्रशिक्षक, गळ्यात चक्क शिट्टी. डॉक्टर दाढ कोरत असतानाही बोलणं चालूच. बोलता बोलता मी बाबांचं सांगितलं, तर तोंडातला कापूस काढून म्हणाले, "अहो मग आणा की त्यांना!" अंध माणसं एअर रायफल मारतात म्हणे! कागदावर दिवा सोडलेला असतो, बंदुकीवरचं यंत्र तो उजेड टिपतं आणि कानात सूर वाजतो. नेम मध्याच्या जवळ गेला की सूर चढत जातो. अगदी चढला की चाप ओढायचा. शेजारी एक मदतनीस बसतो — छर्रा भरायचा, दुर्बिणीतून बघायचं आणि कुठे लागला ते सांगायचं. बास.

बाबांनी ऐकून नाक मुरडलं. "आंधळ्याच्या हाती बंदूक! गल्ली रिकामी होईल."

पण रेडिओ बंद केला. स्वतःहून! आणि थोड्या वेळाने, "किती लांबून मारतात?"

१९ फेब्रुवारी

गेलो! लांबलचक पत्र्याची खोली, एका टोकाला टेबलं, दुसऱ्या टोकाला कागद. बाबांनी कानाला यंत्र लावलं, क्लबची जुनी बंदूक गालाशी धरली आणि अचानक इतके स्थिर झाले की मला भीतीच वाटली. मग चेहरा उजळला. "वाजतंय गं! चढतंय, चढतंय... गेलं! परत आलं!"

कागदाला एकही छर्रा लागला नाही. पण परत येताना माणूस गुणगुणत होता.

२६ फेब्रुवारी

बाबांना बंदूक स्वतःची हवी! मी मनात म्हटलं, आश्रमात जाणारा माणूस बंदूक घेतो? पण आनंद असा झाला की विचारलं नाही.

दुकानदाराने आधी नळी दुमडून छर्रा भरायची दणकट बंदूक हातात दिली. "काका, हिच्याने ससा जागेवर आडवा."

"सशाने माझं काय वाकडं केलंय? मला कागदाला भोक पाडायचंय."

दुकानामागच्या भिंतीशी एक छर्रा मारून पाहिला. आतली स्प्रिंग सुटते तेव्हा बंदूक असा हिसका देते की नेम कुठल्या कुठे! शिकारीला चालेल, कागदाला नाही. मग दुसरी — नळीखाली हवेची छोटी टाकी, पंपाने आधीच दाबून भरून ठेवायची. चाप ओढला तर नुसतं 'फट्', बंदूक जागची हलत नाही. बाबांनी ती खालपासून वरपर्यंत चाचपली, दस्ता खांद्याला लावून पाहिला, लांब वाटला म्हणून एक घर कमी करून घेतला, गाल टेकवला, पुन्हा टेकवला. शेवटी तळहातांवर तोलून ऐटीत म्हणाले, "तीन किलो." दुकानदाराने काट्यावर ठेवली. चारच्या वर!

"काटा तपासून घ्या तुमचा!"

बाहेर येईपर्यंत हसू दाबून माझ्या पोटात दुखायची वेळ आली. छर्रे घेतले चपट्या तोंडाचे. टोकदार शिकारीला, चपट्यांनी कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं, मोजायला सोपं.

२ मार्च

आज नव्या बंदुकीचा पहिला दिवस, मदतनीस मीच. पहिला छर्रा. दुर्बिणीतून पाहिलं — काळ्या वर्तुळाच्या पार कडेला, खाली डावीकडे. बाबा मान माझ्याकडे वळवून थांबलेले, श्वास रोखून.

"मधोमध, बाबा!"

सुटलंच तोंडातून! दिवसभर लोकांना "मुळीच दुखणार नाही, मुंगी चावल्यासारखं" सांगणारी जीभ ही. आणि सासऱ्यांना "चुकलात" कोण सून म्हणेल? त्यांनी टेबलावर थाप मारली. लहान मुलासारखे हसले.

९ मार्च

पुन्हा तेच. सगळे खाली डावीकडे. मी म्हणते नऊ, दहा, मधोमध. बाबा खूश. आज वाण्याला सांगत होते, "नऊच्या खाली उतरतच नाही मी!"

दारात रोज दातांची चौकशी असतेच, आता वर बंदुकीच्या गप्पा. आश्रमाचा विषय महिनाभर निघालेला नाही. मी तर तो शब्दही घरात उच्चारत नाही.

१६ मार्च

अरे देवा. एप्रिलातल्या स्पर्धेत नाव दिलं त्यांनी! तिथे पंच बसतात आणि प्रत्येक छर्रा मोठ्याने वाचून दाखवतात.

आता?

२९ मार्च

लिहायला हात धजावत नाही. तरी लिहिते.

मी सरावाचे कागद गुपचूप टोपलीत टाकायचे. आज शिट्टीसरांनी तिथून एक उचलला. मग दुसरा. मग सगळे टेबलावर पसरले.

"हे कोणाचे?"

"माझे," बाबा कौतुकाने म्हणाले. "कसे आहेत?"

"अहो, कसे काय विचारता! पाचही छर्रे एका नाण्याखाली झाकतील! प्रत्येक कागदावर तेच! क्लबात असा हात कोणाचा नाही. फक्त सगळे एकाच जागी खाली डावीकडे पडतायत. तुमचं बंदुकीवरचं यंत्र सरकलंय हो, दोन स्क्रू थोडे फिरवले की झालं काम." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही यांना जागा सांगितली नाहीत?"

बाबांनी कानावरचं यंत्र सावकाश काढून ठेवलं.

महिनाभर ते अव्वल मारत होते! मला वाटलं म्हातारा माणूस चुकतोय, आणि मी त्यांची समजूत घालत बसले. खरं सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. एवढी लाज मला कधी वाटली नाही.

३० मार्च

दारात काहीच विचारलं नाही. रेडिओ मोठ्याने चालू.

१ एप्रिल

चहा ठेवून वळत होते तर म्हणाले, "बस."

बसले.

"तू मला आंधळा समजतेस, ते ठीक आहे. आहेच मी. पण लेचापेचा समजलीस, त्याचं वाईट वाटलं. आयुष्यभर खोटी वजनं जप्त केली गं मी. माझ्याच घरात मला खोटं माप?"

मी रडले. चांगली हुंदके देऊन. माफी मागितली. बाबांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता खरंच बोलायचं ठरलंय तर मीही सांगतो. तुझा चहा पहिल्या दिवसापासून पाणचट आहे."

इतकी वर्षं? "छान झालाय" म्हणून पीत होते की रोज!

५ एप्रिल

स्क्रू फिरवले. छर्रा भरला.

"सात, बाबा. उजवीकडे."

काय सोपं होतं! जीभ झडली नाही की घर पडलं नाही. बाबांनी नुसती मान डोलावली. अजून थोडा स्क्रू. "आठ. जरा वर." पुन्हा. "नऊ." पुन्हा — मी दुर्बिणीला डोळा लावून दोनदा पाहिलं.

"दहा."

"खरं की मधोमध?"

"खरं, बाबा. दहा!"

आता आमच्यात खोट्याला 'मधोमध' म्हणतात. चहात दुप्पट पूड टाकते.

१२ एप्रिल

स्पर्धा! चौथे आले. पदक थोडक्यात हुकलं — एक छर्रा, खोकला आला आणि चापावरचं बोट दाबलं गेलं. पंचांनी "सहा" वाचलं, तेव्हा मी बाबांकडे बघूच शकले नाही. बघितलं तर हसत होते! "सहा म्हणजे सहा. नोंदवा." नवरा आला होता, बाकावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मौनी माणूस!

परतताना बसमध्ये बाबा खिडकीशी, मी शेजारी. एप्रिल अर्धा संपत आला. मनात काय आलं कोण जाणे, बोलून टाकलं.

"जाऊ नका, बाबा."

"का?"

"मला करमणार नाही."

ते माझ्याकडे वळले. मग हळूच, "मधोमध?"

"नाही. खरं."

तोंड खिडकीकडे वळवलं त्यांनी. मी हात धरून ठेवला उतरेपर्यंत.

१३ एप्रिल

दुपारी दवाखान्यातून आश्रमाला फोन लावला, कोणाला न विचारता. बाबांचं नाव सांगून म्हटलं, आमची खोली दुसऱ्या कोणाला द्या. व्यवस्थापक गोंधळले. "कोणती खोली? या नावाच्या गृहस्थांचा आम्हाला कधी फोनच आलेला नाही."

घरी येऊन बाबांना विचारलं. बंदूक पुसत होते, हात थांबला नाही. "कोणीतरी जाऊ नका म्हणेल, म्हणून बोललो होतो. फार वेळ लावलात गं."