गाडीखालचा अनोळखी सिलिंडर

तीर्थरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द शिष्टाचारापुरता नाही. मी आत्ताच गाडीखालून निघालो आहे आणि आठही अंगांना तेल लागलेले आहे. कागदावरचा डाग त्यातलाच. कोपऱ्यातला मात्र चहाचा.) तुमची कंबर आणि वहिनींचा गुडघा आता बरा असावा. इकडे तुमची बहीण ठीक आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही. आई खुशाल आहेत, फक्त त्यांना दिसेनासे झाले आहे. घाबरू नका, ओघात येईलच.

बाबा गेल्यावर त्यांच्या गाडीबद्दल तुम्ही घातलेली अट मला शब्दशः पाठ आहे : आई त्या गाडीत बसते आहे तोवर गाडी राहील, बसायची थांबली की विकायची. त्याप्रमाणे दर रविवारी मी चालवतो, आई शेजारी बसतात, तळ्याला वळसा घालून आम्ही परत येतो. येताना त्या मला रस्त्यातल्या प्रत्येक माणसाचे काय चुकते ते सांगतात. पण आता आई बसायला तयार नाहीत. 'पुढचं काही दिसतच नाही, मग फिरायचं कशाला? विकून टाका,' म्हणतात. आणि तुम्ही शोधलेले गिऱ्हाईक तर पैसे खिशात घेऊन बसले आहे. दादा, त्याला थोडा थोपवा. गाडीत सध्या एक कोडे निघाले आहे, आणि कोडे अर्धवट सोडून वस्तू विकणे माझ्या तत्त्वात बसत नाही.

झाले असे. गाडीखाली तेलाचे थेंब दिसले. मी खाली शिरलो, तर डाव्या बाजूला, पुढे, एक उभा हायड्रॉलिक सिलिंडर. लांबी सव्वासहा इंच, व्यास पावणेदोन (व्हर्नियरने मोजला आहे, डोळ्यांनी नव्हे). त्याचा दांडा पत्र्यातून वर कुठेतरी गेलेला, आणि एक बारीक नळी उजवीकडे गेलेली. बाबांनी या गाडीत काय काय बदलले हे देवाला आणि बाबांनाच ठाऊक, आणि दोघेही सध्या एकाच ठिकाणी आहेत. मी सिलिंडर काढला, रॉकेलने धुतला आणि कोणी हात लावू नये म्हणून माझ्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून फडताळात ठेवला. मी कोणाकडे शिकलेलो नाही, जे शिकलो ते उघडून शिकलो. (यावर तुमच्या बहिणीचे म्हणणे, 'उघडायला शिकलात, बंद करायला कधी शिकणार?' अबोला त्याआधीचा नव्हे, त्यानंतरचा आहे.) योगायोग असा, की त्याच दिवशी पुढची डावी सीटही खाली गेली. स्प्रिंगा दमल्या असणार. इतक्या वर्षांत माणसे खचतात, सीटने काय घोडे मारले आहे?

सिलिंडर ब्रेकचाच, याबद्दल मला शंका नव्हती. तो घेऊन मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने गाडीची माहिती विचारली. मी ती तपशीलवार दिली : इंजिन एका गाडीचे, गिअरबॉक्स दुसरीचा, दारे तिसरीची, हॉर्न बहुधा बोटीचा. तो म्हणाला, 'काका, ही गाडी आहे की एकत्र कुटुंब?' मी दुर्लक्ष केले. मग विचारतो, 'आलात कशातून?' म्हटले, त्याच गाडीतून. 'हा काढल्यावर? ब्रेक लागले?' म्हटले, उत्तम लागले. 'मग हा ब्रेकचा कसा?' दादा, प्रश्न तसा बिनतोड होता, पण विचारण्याची पद्धत मला आवडली नाही. मी तिथून निघालो. क्लच तपासला, तोही ठणठणीत. म्हणजे ज्याच्यावाचून गाडीचे काहीच अडत नाही असा एक भाग बाबांनी एवढ्या निगुतीने का बसवावा? माझे डोके चालेनासे झाले आहे.

त्यात आईंचे डोळे. सिलिंडर काढल्याच्या पुढच्याच रविवारी त्या म्हणाल्या की समोरचा रस्ता गायब झाला. मी त्यांना तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. आईंनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, वर डॉक्टरांच्या कोटाचे एक बटण वेगळ्या दोऱ्याने शिवले आहे हेही सांगितले. डॉक्टर म्हणाले, दृष्टी उत्तम आहे. मला मात्र चष्मा लागला. आता सांगा, डोळे शाबूत, काच पुसलेली, मग रस्ता जातो कुठे? दोन्ही कोडी एकदम उपटली आहेत आणि एकही सुटत नाही. बाबा कधी या सिलिंडरबद्दल बोलले असतील तर आठवून कळवा, आणि गिऱ्हाईकाला थोपवा.

तुमचा आज्ञेतला (आज्ञा गाडी विकण्याची नसल्यास),
बहिणीचा नवरा

ता. क. पाकीट बंद करायला डिंक शोधताना आईंनी बनियन उलगडले. 'अगंबाई, ही तर माझी सीट!' आईंची उंची तुम्हाला माहीतच आहे. डॅशबोर्डवरून दिसावे म्हणून बाबांनी दातांच्या डॉक्टरांच्या मोडीतल्या खुर्चीतला हा भाग त्यांच्या सीटखाली बसवला होता. मी म्हटले, आई, हे आधी का नाही सांगितलेत? तर म्हणाल्या, 'जावईबापू, तुम्ही अख्ख्या गावाला विचारलंत. मला विचारलंत का?'

ता. क. २. मुख्य काम राहिलेच. सीट वर करायचा पंप ज्याने मारायचा, तो पितळी मुठीचा दांडा गाडीत नाही. तो तुमच्या काचेच्या कपाटात आहे; पाहुण्यांना तुम्ही जो 'बाबांचा गिअर' म्हणून दाखवता, तोच. कृपया लगेच पाठवा. (तो गिअर आहे असे तुम्हाला छातीठोकपणे कोणी सांगितले होते, या वादात आत्ता शिरू नये.)

ता. क. ३. घाई नाही, आजचा फेरा झाला. तळ्यापाशी आईंनी एका सायकलवाल्याची चूक काढली, तेव्हा जीव भांड्यात पडला. तूर्त त्यांच्या बुडाखाली माझे मोटार दुरुस्तीचे तीन जाडजूड ग्रंथ ठेवले आहेत. तुमची बहीण माझ्याशी बोलली. म्हणाली, 'चला, कुणाला तरी त्यांचा उपयोग झाला.'