कोमट इंजिन

प्रिय दादा,

ट्रॅक्टर अजून आपल्याच अंगणात उभा आहे, हे आधीच सांगून टाकते. फोनवर तू मले मधातच थांबवते, म्हणून पत्र लिहून राह्यली. पुरं वाचल्याशिवाय रागावू नको.

इथी थंडी लय वाढली. तुझ्या लडाखवाल्यांले हसू येईल, पण आपल्या जुन्या ट्रॅक्टरले एवढीही भारी पडते. आठवते ना, बाबा सकाळी इंजिनखाली धानाच्या तणसाचा जाळ करत अन् आपण दोघं हात शेकत बसायचो? मागच्या हिवाळ्यात, खळ्यावर धान चुरायच्या पहिल्या दिवशी, बाबानं रीतीप्रमाणे पळसाच्या द्रोणातून मोहाच्या पहिल्या धारेच्या दारूचे थेंब धरतीले वाहिले. दरवर्षी जाळ विझवून मग वाहत. त्या दिवशी माणसं खोळंबली म्हणून घाई केली. भडका थेट हातावर आला. हात वाचला, पण बोटं अजून स्टेअरिंगवर मिटत नाईत. देवाचा राग नव्हता, माझीच घाई होती, असं ते अजून सगळ्यांले सांगतात.

मग तू तिकडून इंजिन तापवायचा हीटर पाठवला. मुलचेऱ्याच्या सादिकभाई मेकॅनिकनं तो बसवला, पण आधी पोट धरून हसला. दिनेश आपल्या गावाले कारगिल समजून राह्यला का, म्हणे. पण सांजेले वायर लावून ठेवली की रातभर इंजिनातलं पाणी कोमट राहते अन् सकाळी पहिल्याच चावीत ट्रॅक्टर बोलते. हीटर तू चुलतभावासाठी, लच्छूसाठी पाठवला, मले ठाऊक आहे. लच्छू मिरची तोडायले तेलंगणात गेला तो आलाच नाई. मग चालवणार कोण? मी बसली. पहिल्याच दिवशी बांध फोडला अन् शकुबाईच्या कुंपणात घुसली, आख्खं गाव हसलं. आता त्याच शकुबाईचं धान माझ्याच ट्रॉलीतून खरेदी केंद्रावर जाते.

तुले ते पटलं नाई. पोरगी ट्रॅक्टर हाकते म्हटलं तर सोयरीक येणार नाई, असं म्हणून तू पोंभुर्ण्याचे लालसूभाऊ गिऱ्हाईक म्हणून पाठवले. जुना ट्रॅक्टर घेणारा कसा येते, तुले ठाऊकच आहे. सकाळीच येते अन् चावी लावायच्या आधी इंजिनवर तळहात ठेवते. गरम लागलं की समजते, मुद्दाम तापवून ठेवलं, म्हणजे आत दम नाई. आदल्या सांजेले बाबानं मले बजावलं होतं, आज वायर नको लावू. मी हो म्हटलं अन् लावली.

लालसूभाऊनं हात ठेवला अन् लगेच उचलला. बाबाकडे पाहून म्हणाले, “दसरूभाऊ, तुमच्याकडून हे नव्हतं वाटलं.” मी सांगायले पुढं झाली, तर बाबानं तोच दुखरा हात आडवा करून मले मागं ठेवलं. लालसूभाऊ चहाही न घेता गेले. मले वाटलं, आता बाबा झापतील. त्यांनी नुसती वायर काढली, गुंडाळली अन् खुंटीले टांगली. तिले हात लावायची माझी हिंमत झाली नाई. मग रोज रेडिएटरात गरम पाणी ओतून भागवलं.

परवा तुझा फोन आला. म्हातारपणी लबाडी करून माझं नाव घालवलं, असं तू बाबाले बोलला. फोन स्पीकरवर होता, मी दाराआड होती, सगळं ऐकलं. जन्मात कोणाले न फसवलेला माणूस मान खाली घालून ऐकत राह्यला, पण माझं नाव घेतलं नाई. म्हणून हे पत्र, दादा. वायर मी लावली, अन् मले त्याचा पस्तावा नाई. काल पोंभुर्ण्याले जाऊन लालसूभाऊलेही मी हेच सांगून आली. मग तर घेतो, म्हणाले. मी म्हटलं, ट्रॅक्टर विकायचा नाई. सांजेले घरी पोचली, तर वायर खुंटीवर नव्हती. बाबानं त्याच न मिटणाऱ्या बोटांनी ती ट्रॅक्टरले लावून ठेवली होती. हे पत्र भेटलं की बाबाले फोन कर, सकाळी कर. मी चावी फिरवीन, ते फोन इंजिनजवळ धरतील. काही बोलू नको, नुसतं ऐक.

तुझीच, पण तुझं न ऐकणारी,
निशा