गाडी माझ्या नावावर आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

लेक आणि जावई दोघंही आठवडाभर बाहेरगावी. छकुलीला शाळेत नेणं-आणणं आजी-आजोबांकडे. आमची गाडी दोन वर्षांपूर्वी यांना अर्धांगवायूचा तो सौम्य झटका आला तेव्हाच विकली, म्हणून भाड्याने घेतली. पांढरी, छोटी, आत नव्या प्लॅस्टिकचा वास.

काउंटरवरच्या मुलीने नियम वाचून दाखवला. नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर घेतली तरी दुसऱ्याने चालवलेली चालते, लायसन्स असलं म्हणजे झालं. हे तेव्हा बाहेर टायर बघत होते. मी त्यांना सांगितलं, नियम फार कडक आहे, जिच्या नावावर गाडी तिनेच चालवायची.

खोटं बोलले, पण त्यांच्याच भल्यासाठी. त्यांचा हात कधी थरथरेल सांगता येत नाही. मी नको म्हटलं तर मनाला लागेल, नियम नको म्हणाला तर कोणालाच लागत नाही.

नियमांचा कागद घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला. तिथे कोण बघतंय.

शाळेत सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलणाऱ्या मुलीचे कान लाल होतात. आरशात पाहिलं. नव्हते झाले.

४ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी २

बिल्डिंगच्या फाटकाचा खांब डाव्या आरशाला लागला. खांब पुढे आलाय. वॉचमन म्हणाला, बाई, आम्ही काही हलवला नाही. हे म्हणाले, अगं, उद्या मी नेऊ का? मी नियमाची आठवण करून दिली. हो हो, नियम, म्हणाले. फार शहाण्यासारखे म्हणाले. योजना उत्तम चालली आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

फुटपाथची कड. डावं चाक. किरकोळ.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सांगितलं होतं, डाव्या बाजूचं दिसणं कमी होत चाललंय, थेंब चुकवू नका, पुन्हा तपासेपर्यंत गाडी चालवणं टाळा. टाळा म्हणाले, बंद करा नाही म्हणाले. तरुण डॉक्टर आहेत, घाबरवायची हौस असते. यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना ताण नको.

संध्याकाळी छकुलीच्या युनिफॉर्मचं बटण लावायला बसले. दोरा सुईत जाईना. दिवाच मंद आहे. यांनी पहिल्या खेपेला ओवला. हात जराही थरथरला नाही. हीच काळजीची गोष्ट आहे. बरं वाटू लागलं की माणूस नको ते धाडस करतो.

निश्चय: थेंब उद्यापासून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एक सायकलवाला डावीकडून अचानक उगवला. तोंडाने बरंच काही बोलला. छकुलीने विचारलं, आजी, ते काका काय म्हणाले? मी म्हटलं, गुड मॉर्निंग. ती म्हणाली, एवढं मोठं?

घरी येऊन बराच वेळ नुसती गाडीत बसून राहिले. यांनीच मला शिकवली होती. पस्तीस वर्षं झाली. मोकळ्या मैदानात विटांच्या दोन रांगा मांडून. मी वीट पाडली की ओरडायचे नाहीत. खाली उतरायचे, वीट उचलून जागेवर ठेवायचे आणि म्हणायचे, चल, पुन्हा.

थेंब राहिले. उद्या नक्की.

७ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी ४

हे शाळेपर्यंत बरोबर आले. नको म्हटलं तरी येऊन बसले. शाळेच्या फाटकापाशी मी गाडी हळूच कडेला घेत होते, तेवढ्यात यांनी हँडब्रेक ओढला. मी चिडले. म्हटलं, अहो, म्हणूनच तुमच्या हातात गाडी देत नाही. बोलून झाल्यावर पाहिलं.

छकुली डावीकडे उभी होती. बंपरपासून हातभर. तिची पाण्याची बाटली चाकाखाली.

ती रडली नाही. म्हणाली, आजी, मी केव्हापासून हात करत होते. तू माझ्याकडेच बघत होतीस.

हे उतरले. चेपलेली बाटली काढून तिच्या हातात दिली. मग फिरून माझ्या बाजूला आले, दार उघडून उभे राहिले. मी म्हटलं, नियम. त्यांनी शर्टाच्या खिशातून लायसन्स काढलं. डिसेंबरात नवं करून आणलंय. त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठीही होती, गाडी चालवायला हरकत नाही म्हणून. आणि घडी घातलेला तो नियमांचा कागद.

माझा चष्मा रोज सकाळी हेच पुसून डबीत ठेवतात. पस्तीस वर्षं. मी विसरले कशी.

कागद मंगळवारीच सापडला होता म्हणाले. थेंबांची बाटलीही पाहिली होती, सील न तोडलेली. विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, तू सांगशील असं वाटत होतं. तुझं मन दुखवायचं नव्हतं. माझंच चुकलं.

त्यांचा हात थरथरत होता. आज पहिल्यांदा.

८ फेब्रुवारी, शनिवार

शाळा अर्धा दिवस. किल्ली यांच्याकडे. मी शेजारी. छकुली मागे, उजवीकडे. तिने स्वतःच बाजू निवडली.

वाटेत मी सांगितलं, अहो, डावीकडे बघा. बघतोय, म्हणाले.

थेंब घातले. घरी आल्यावर आरशात कान पाहिले. उजवा लाल होता. डावा नीट दिसला नाही.