तुम्हाला वर्ग मिळाला नाही

बाबा, कुहीची शाळा सोडून तुम्ही आमदार झालात तेव्हा मी लहान होते. शाळेत तुम्ही गणित शिकवायचात. पुढे एकामागून एक निवडणुका जिंकलात, तरी लोक तुम्हाला गुरुजीच म्हणत. आईचा स्टोव्ह आल्यागेल्यांच्या चहासाठी दिवसभर पेटलेला असे. एकदा त्या स्वयंपाकघरात शाळेतल्या तुमच्या जुन्या सोबत्याची बायको आली. तिचा नवरा विरोधकांच्या सभेत बसलेला कोणीतरी पाहिला, आणि तुम्ही त्याची बदली पार गडचिरोलीकडे करवलीत. ती आईचे हात धरून म्हणाली, "बाई, गुरुजींले सांगा. सासूले लकवा झाला. तिले घेऊन जंगलात कुठं राहू मी?" मी धावत ओसरीवर आले. "बाबा, थांबवा नं त्यांची बदली." सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "तुले काय समजते वं यातलं? आत जा." मी आत गेले. माझा चेहरा पाहून ती बाई चहा न पिताच उठली.

मग तुम्ही निवडणुकीत पडलात आणि अंगण ओस पडलं. तरी रोज सकाळी इस्त्रीचा झब्बा घालून तुम्ही ओसरीवर बसायचात. आई विचारायची, "कोणाची वाट पाहून राहिले?" "येईल कोणी," तुम्ही म्हणायचात. कोणी येत नसे. शेवटी मला घेऊन तुम्ही शाळेत गेलात, गणिताचे तास फुकट घेतो म्हणून सांगायला. हेडमास्तर तुमचाच विद्यार्थी. तो पाया पडला, त्यानं खुर्ची दिली आणि मान खाली घातली. "गुरुजी, तुम्हाले वर्ग देला तर नवे आमदार माझी बदली करतील. लेकरं लहान आहेत माझी." तुम्ही हात जोडलेत, बाबा. "नापास पोरं तरी दे. व्हरांड्यात बसवतो." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हो म्हणाला नाही.

परतताना तुम्ही भर उन्हात थांबलात. "गडचिरोलीले पाठवलं त्या मास्तरची माय तिकडंच मेली म्हणतात. खरं आहे का वं?" मला माहीत होतं. मी हो म्हणाले. त्यानंतर तुम्ही ओसरीवर आला नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. आई घास घेऊन बसे, मी हाका मारी, आणि तुम्ही वळत नव्हतात. तसेच गेलात.

आता मीही शिकवून निवृत्त झाले आहे. काल तुमच्या पक्षाची माणसं आली. "बाई, गुरुजींच्या जागेवर निवडणुकीला तुम्हीच उभ्या राहा." मी नाही म्हणणार होते. म्हणाले, उद्या सांगते. बाबा, ते आता येतील. मी कोणाला विचारू, तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठे पाठवू? काल ते गेल्यावर मला आधी तुमची आठवण आली नाही. बरं वाटलं, माणसं आली म्हणून.