पितळेतला कडुलिंब

आबा, काल इथल्या लॅबोरेटरीत मी एक पातं घासत होते. रोग्याच्या गाठीचा तुकडा मेणात घट्ट करून त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे असतात, ते या पात्यानं. त्याची धार आधी काचेवर, मग कातड्यावर फिरवून आरशासारखी करावी लागते. हैदराबादच्या या दवाखान्यात बाकीचे लोक हे काम टाळतात. मला ते आवडतं, पण तसं मी कुणाला सांगितलेलं नाही. काल पातं खिडकीकडे धरलं आणि तोंडातून निघून गेलं, "पानं सुटी दिसतात का?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर पाहिलं. "कसली पानं?" मी म्हटलं, काही नाही.

जालन्याच्या जिनिंगचं, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, इंजन तुमच्या ताब्यात होतं. पावसाळ्यात कापूस नसायचा, इंजन गप्प असायचं. दसऱ्यानंतर हंगाम सुरू व्हायचा आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, इंजनाची पूजा. त्या पूजेसाठी भादव्यापासूनच तुम्ही इंजनाचे सुटणारे भाग पोत्यात गुंडाळून घरी आणायचात. पितळी झाकणं, तेलाच्या वाट्या, वेग आवरणारे ते दोन जड गोळे. चुलीपुढची सगळी जागा त्यांनी भरून जायची. आधी रॉकेलनं धुवायचं, मग घासकागद, जाड ते बारीक. मग विटेची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून, आणि शेवटी नुसता खडू, जुन्या धोतराच्या तुकड्यावर. प्रत्येक पुडीचं फडकं वेगळं. एकदा मी विटेचं फडकं खडूच्या वाटीत बुडवलं. तुम्ही ती वाटी उचलून दाराबाहेर पालथी केलीत. "एक कण पुरे असतो," एवढंच म्हणालात. मारलं असतं तर मी विसरले असते.

माय भाकरी थापता थापता बोलायची. "देवाची भांडी काळी पडली, अन् शेठच्या इंजनाची टोपणं चकाकून राह्यली."

"देव बसून असतो. इंजन पळतं," तुम्ही म्हणायचात.

"मंग जेवायला बी इंजनालाच सांगा वाढायला."

आणि तुमचे हात रॉकेलचे म्हणून तीच भाकरी मोडून, वरणात कुस्करून तुमच्यापुढे ठेवायची.

शेवटची परीक्षा अंगणात व्हायची. समोर कडुलिंब. तुम्ही झाकण माझ्यापुढे धरता, त्यात झाड उतरतं. पानं सुटी सुटी दिसली तर काम झालं, नुसता हिरवा डाग दिसला तर पुन्हा खडू. मला हा खेळ वाटायचा. एकदा मैत्रिणी बोलवत होत्या म्हणून मी नीट न पाहताच "दिसतात" म्हणाले. तुम्ही झाकणावर हळू अंगठा फिरवलात आणि एका जागी थांबलात. "इथं धुई हाय. दिसत नसलं तर दिसत न्हाई म्हणावं. त्यात लाज न्हाई."

मग ते शेवटचं वर्ष. सर्वांत मोठं झाकण होतं, परातीएवढं. ऊन चांगलं होतं. मी सांगितलं, "आबा, झाकणात सुटी दिसतात." तुम्ही मान वर करून झाडाकडे पाहिलंत. बराच वेळ पाहत राहिलात. मग आवाज खाली आणून विचारलंत, "अन् झाडावर?"

मला वाटलं, चेष्टा करताय. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तेव्हा एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. हे काम कारखान्यात न करता घरी का आणता, आधी चाचपल्याशिवाय वस्तू का उचलत नाही, झाकणात काय दिसतं हे दर वेळी मलाच का विचारता. "मायजवळ बोलू नको," तुम्ही म्हणालात. मी बोलले नाही. शेठला कळलं तर इंजन जाणार हे मला समजत होतं. इंजनाशिवाय तुम्ही कसे दिसाल, हे मात्र डोळ्यांपुढे येत नव्हतं. (आता मला त्या आजाराचं नाव सांगता येईल. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. तो मोतीबिंदू नव्हता. तो रक्तातून पुढे उतरतो.)

खंडेनवमीला इंजन झेंडूच्या माळा घालून उभं होतं. शेठ आले होते, जिनवर काम करणाऱ्या बाया आल्या होत्या. तुमच्या हाताखाली तेल घालणारे चाचा तुमच्या बाजूला. ते मोठं झाकण पुढ्यातच बसवलेलं, आणि समई त्याच्या जरा अलीकडे, डाव्या हाताला. तुम्ही ऊदबत्ती घेतलीत आणि पुढे केलीत. झाकणात समईची ज्योत उतरली होती, अगदी स्वच्छ. ऊदबत्ती तुम्ही त्या ज्योतीला लावलीत. टोक पितळेवर टेकल्याचा बारीक आवाज झाला. आणि तुम्ही ती पेटण्याची वाट पाहत राहिलात.

शेठ पुढे वाकून बघू लागले. मग चाचा मोठ्यानं हसले. "या अल्ला, उस्ताद! शेठजी, देखो, असा आरसा केला की करनेवालाच फसला!" शेठ हसले, बाया हसल्या. तुम्हीही हसलात. हसता हसता चाचांनी तुमचं मनगट धरून ऊदबत्ती खऱ्या ज्योतीवर नेली. त्या हात धरण्यात सवय होती. चाचांना कधीपासून माहीत होतं कोण जाणे.

घरी येताना मी उड्या मारत होते. वाचलो, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. तुम्ही धुतलेला पटका बांधलात. मायनं विचारलं, "शेठला सोनं द्यायला चाललात?"

"न्हाई. इंजन द्यायला."

तिच्या हातातली आपट्याची डहाळी तशीच राहिली. मी तुमच्या मागे दारापर्यंत धावले. "कुणालाच कळलं न्हाई, आबा!"

"मला कळलं की." तुम्ही चौकटीला हात लावून थांबलात. "इंजनाच्या फिरत्या पट्ट्याजवळ बाया उभ्या राहतात, पोरी. आज दिव्याला चुकलो, उद्या पट्ट्याला चुकीन."

इंजन चाचांकडे गेलं. शेठनी इंजनाला नवं झाकण केलं आणि जुनं तुम्हाला दिलं. त्यानंतर तुम्ही संध्याकाळी अंगणात बसून लांबून येणारा इंजनाचा आवाज ऐकायचात. "चाचा आज तेल कमी देऊन राह्यले," म्हणायचात. दुसऱ्या दिवशी चाचा येऊन कबूल करायचे आणि मायच्या हातचा चहा पिऊन जायचे. झाकण तुम्ही अखेरपर्यंत घासत होतात. मी अंगणात उभी राहून पानं बघायची आणि खरं तेच सांगायची. इथंही काचेखाली जे दिसत नाही, ते मी दिसत नाही असंच लिहिते. डॉक्टरांना ते नेहमी आवडत नाही.

ते झाकण माझ्या ट्रंकेत आहे. काळं पडू दिलं होतं. आज सुटी म्हणून काढलं, तुमच्या क्रमानं घासलं, फडकी वेगळी ठेवली. हा कागद आता त्याच्याभोवतीच गुंडाळून ट्रंकेत ठेवायचा आहे. दुसरीकडे पाठवायला जागा नाही, आणि तुम्हाला वाचता यावा म्हणून अक्षर फार मोठं काढावं लागलं असतं.

खोलीबाहेर कडुलिंब आहे. झाकण त्याच्याकडे धरून पाहिलं. आबा, पानं सुटी दिसली नाहीत. अंगठा फिरवून बघितला. पितळेत धुई नव्हती.