कापलेल्या खिडक्या

गुरुवार संध्याकाळ, बोरीवली

फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. वैमानिकापुढे स्टिअरिंग नाहीच, ओढून घ्यायचं छोटं टेबल आहे. म्हणजे हे विमान सरळसरळ तीनशे वीस. विमानवेड्यांच्या आमच्या ग्रुपवर रोज एक कोडं असतं, कॉकपिट पाहून विमान ओळखायचं. आजचं माझं. वसंतने लिहिलं, "सातशे सदतीस. स्टिअरिंग बघा." वसंत, ज्याचं कधी चुकत नाही. सगळे तुटून पडले. "वश्या, चष्मा विकलास काय रे?"

त्याला फोन केला. आधी हसला. मग म्हणाला, "मधलं दिसत नाही रे हल्ली. फक्त कडेचं दिसतं. खिडक्यांच्या आकारावरून ओळखायचो. आज तू खिडक्याच कापल्यास."

फोटोतून कापल्या होत्या. कोडं सोपं होऊ नये म्हणून.

"आणि स्कूटर?"

"चालवतो की. मुलुंडचे रस्ते पाठ आहेत. सुमनला बोलू नकोस हां, किल्ली काढून घेईल."

सांगावं का? फार थकलोय. खिडक्या कापल्या नसत्या तर हे कळलंच नसतं.

शुक्रवार सकाळ. सुमनवहिनींना फोन केला. किल्ली त्यांनी काढून घेतली. वसंतने ग्रुप सोडला.